मिसरूड : न फुटल्याची भाषा

मालवणी घरात एखादा पोरगा मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू लागला, की हमखास ऐकू येते : “मिशी फुटाक नाय अजून, आणि माका शिकवतंस?” घाटावर हेच ‘अजून मिसरूड फुटलं नाही...’ असे येते. बोलीतले शब्द मी गेली काही वर्षे वहीत टिपतो आहे. मिसरुडाच्या नोंदी एकत्र वाचताना जाणवले, की त्यांतली बहुतेक वाक्ये नकारार्थी आहेत.

‘ओठावरची कोवळी लव’ हा या शब्दाचा अर्थ बरोबरच आहे. पण शब्दाचे काम त्यातून कळत नाही. काम आहे पोराला गप्प बसवण्याचे. ‘ओठावरचा जार वाळला नाही’ हा वाक्प्रचारही तेच करतो. एकाच ओठावर दोन उणिवा : जार अजून आहे, मिसरूड अजून नाही.

‘फुटणे’ हे क्रियापदही पाहावे. कोंब फुटतो, पालवी फुटते, कंठ फुटतो. यांत कुणाचे कर्तृत्व नसते. तरी मिसरूड न फुटल्याचा दोष मात्र पोराच्या माथी. जाणत्या मिशीला पीळ देता येतो, तूप लावून मिरवता येते. मिसरुडाचे त्याला स्वतःला काहीच करता येत नाही.

गृह्यसूत्रांत सोळाव्या वर्षी पहिल्या दाढीचा ‘केशान्त’ संस्कार सांगितला आहे. तो त्रैवर्णिकांपुरता होता आणि पुढे मागे पडला. मुलीला न्हाण आले, की घरात ओटी भरली जाई, गोडधोड होई. त्याच दिवसापासून तिचे हुंदडणेही बंद होई. त्या सोहळ्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मुलाच्या वाट्याला बंधन आले नाही, तशी दखलही आली नाही. आला तो टोमणा.

आपल्या कथा-कादंबऱ्यांनी ‘नुकतेच मिसरूड फुटलेला तरुण’ गुळगुळीत होईपर्यंत वापरला. ते निवेदकाचे, बाहेरून पाहणाऱ्याचे वर्णन आहे. आत्मचरित्रकार ‘मला मिसरूड फुटले तेव्हा’ असे लिहितो, तेही मिशी पिकल्यावर. बापाचा वस्तरा चोरून आरशासमोर उभा राहिलेला पोरगा त्या क्षणी त्या रेघेला काय म्हणतो, हे आपल्या साहित्याने क्वचितच विचारले आहे.

हा दोष मी इतरांवर ढकलत नाही. माझ्या वहीतले सगळे सांगणारे पन्नाशीपुढचे आहेत. शाळकरी पोरांचे शब्द त्यांच्याकडूनच घ्यायला हवे होते. मी ते त्यांच्या आजोबांना विचारत बसलो. वहीचा पुढचा भाग त्यांच्यासाठी कोरा ठेवला आहे. तेवढी मिशी आपल्या शब्दसंग्रहालाही अजून फुटायची आहे.