अलंकारिक अक्षरवळण आणि स्थलनामे

देवनागरीतील अलंकारिक अक्षरवळणांचा विचार बहुधा चित्रकलेच्या अंगाने केला जातो. लिपिशास्त्राच्या अंगाने तो क्वचितच होतो. वस्तुतः अक्षर हे प्रथम भेददर्शक चिन्ह होय, आणि मग शोभेची वस्तू.

कॅथरिन ली श्मिट यांनी घडविलेले ‘यात्रा’ हे मुद्राक्षर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फुरले आहे. रोमन लेखणीची जाड रेघ ज्या दिशेने पडते, तिच्या उलट दिशेने बोरूची पडते. द्वैभाषिक पाट्यांत बहुधा देवनागरीलाच रोमनचा अंगरखा चढविला जातो; येथे मात्र रोमन अक्षरेच बोरूच्या तिरपेपणाने चालतात. हा उलटा क्रम निःसंशय स्तुत्य आहे.

परंतु अशा कोणत्याही नटव्या वळणाची खरी परीक्षा स्थलनामांत होते. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. ‘घ’ची शिरोरेषा सलग, ‘ध’ची तुटलेली, जुन्या वळणात या दोहोंतील भेद मुख्यतः एवढाच. घोडेगावावरून ज्या भीमाशंकराला रस्ता जातो, त्याच्या नावात तर ‘भ’ आणि ‘म’ शेजारीशेजारी येतात, आणि त्यांचीही गत तीच. शिरोरेषा गाळणे किंवा तिच्यावरून कुंचल्याचा फटकारा ओढणे ही आजच्या सजावटकाराची आवडती युक्ती आहे. तिने नेमके हे भेदचिन्हच पुसले जाते. लखनौ येथे १९५३ साली भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ‘ध’ व ‘भ’ यांची घुंडीदार रूपे पसंत केली, त्यांचे महत्त्व येथे कळते. त्या रूपांत भेद केवळ शिरोरेषेवर अवलंबून राहत नाही. परिचित वाचक संदर्भाने नाव जुळवून घेतो, हे खरे. पण रस्त्यावरची पाटी मुळात परक्यासाठी असते.

नारायणगावी स्थिती निराळी आहे. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरविण्यास येतात. फडमालकाचे नाव त्यांच्या कानांवर आधीच असते. तेथे फलकावरील अक्षराने मुरडावे, रंगावे, प्रसंगी सावलीही घ्यावी. त्यात काही बिघडत नाही. तेच वळण उचलून मैलाच्या दगडावर बसविणे म्हणजे लावणीच्या ठेक्यावर जमाखर्च वाचण्यासारखे आहे.

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या व प्रत्येकीच्या वर तिचे नाव ब्राह्मीत कोरलेले होते. प्रतिमा नष्ट झाल्या. नावे वाचता येतात. जुन्नरच्या लेण्यांतही काही लेखांच्या आरंभी वा शेवटी स्वस्तिक, त्रिरत्न अशी चिन्हे आढळतात. ती लेखाच्या कडेला राहतात, अक्षराच्या अंगात शिरत नाहीत. घोडेगावच्या पाटीला वेलबुट्टी हवीच असेल, तर ती चौकटीत काढता येईल.