ताट रिकामे परत जाऊ नये

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. मग खाद्योत्सवांचेच का होऊ नये? मुंबईत बारा महिने कोठे ना कोठे मोठी चूल पेटलेली असते. 'महोत्सव' हा शब्द मात्र आता इतका स्वस्त झाला आहे, की मैदानावर वीस तंबू ठोकून कूपने विकली की तो साजरा झाला! अशा पुष्कळ ठिकाणी मी हौसेने जाऊन खाल्ले आहे. त्यावरून बनलेले मत येथे मांडतो.

पहिली कसोटी ऋतूची. उंधियूच घ्या. सुरती पापडी, कंद, लहान वांगी, हिरवा लसूण ही सारी मंडळी थंडीत एकत्र जमतात, म्हणून संक्रांतीच्या सुमारास भुलेश्वर-काळबादेवीकडे त्याची गर्दी. तोच मे महिन्यात एखाद्या थंडगार दालनात 'गुजराती सप्ताह' म्हणून वाढला, की पानात केवळ त्याचे नाव येते.

रमजानचे गणित निराळे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना सर्व ऋतूंतून फिरतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला, २०२५ साली मार्चमध्ये. तेथला ऋतू उपासाचा. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीतला मालपुवा आणि मातीच्या वाडग्यातली फिरनी मलाही प्रिय आहेत. पण तिची पुरती गोडी, दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसालाच ठाऊक. आपण रात्री दहाला, दुपारचे जेवण आणि चहा-फराळ उरकून तेथे पोचतो. उपास त्यांचा आणि पारणे आपले!

दुसरी कसोटी यजमानाची. वेसाव्याला थंडीत भरणाऱ्या कोळी महोत्सवाला मी पुष्कळ गुण देतो. पावसाळ्यात, १ जूनपासून दोन महिने, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते; नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात; आणि पुढे थंडीत हे ताट सजते. कोळिणी दागिने घालून स्वतः चुलीपुढे उभ्या असतात. बोंबील कुरकुरीत कसा होतो हे विचारावे, तर उत्तराबरोबर थोडी थट्टाही मिळते. मैदानावरच्या तंबूत वाढणाऱ्या मुलाला हाच प्रश्न विचारला, तर तो बिचारा फलकाकडे पाहतो. रांधणारा निराळा, वाढणारा निराळा, आणि नफा मोजणारा तिसराच.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण. वांद्र्याला ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी मोतमाउलीची जत्रा सुरू होते. तेथे ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळीही मेणबत्ती लावतात, मग खाली उतरून पोरांसाठी खाजे घेतात. परका मनुष्यही तेथे आधी काही देतो आणि मग खातो. बहुतेक नव्या महोत्सवांत आपण देतो ते फक्त पैसे.

आता पैसे देणे हा गुन्हा नव्हे, आणि खाणाऱ्याने प्रत्येक घासाला प्रायश्चित्त घ्यावे असेही माझे म्हणणे नाही. परंतु 'मुंबईने सर्वांना एका पंगतीला बसवले' असे जेव्हा कौतुकाने लिहिले जाते, तेव्हा मला शंका येते. जो गृहस्थ शनिवारी रात्री नळी-निहारीची तारीफ करतो, तोच रविवारी सोसायटीच्या सभेत मुसलमान भाडेकरू नको म्हणून हात वर करतो. वेसाव्याच्या सुरमईवर ताव मारणाऱ्यांच्या जिन्यात मासळीची पाटी चढू देत नाहीत. जिभेला जे चालते ते शेजाराला चालत नसेल, तर ती पंगत नव्हे; ती नुसती खानावळ. हा दोष आचाऱ्यांचा नाही, आपला आहे. म्हणूनच परीक्षणात त्याची नोंद हवी.

आपल्याकडे दिवाळीत फराळाचे ताट शेजारी गेले, की ते रिकामे परत करीत नाहीत. घरात काही नसले, तरी चिमूटभर साखर ठेवतात. कागदी बशी खाऊन झाली की टोपलीत पडते, तिच्याबरोबर ओळखही. तेव्हा माझा निकाल असा: ऋतूसाठी संक्रांतीचा उंधियू, यजमानासाठी वेसावे, भावासाठी मोतमाउली. रमजानच्या गल्लीला मी गुण देत नाही. तेथला मालपुवा खाऊन आलेल्यांनी यंदा चकल्या-करंज्यांचे एक ताट कोणत्या दारी नेले, ते आधी कळू द्या.