सवालासकट वारसा

स्वीडनच्या उमेओतल्या ‘रिफ्यूज्ड’ बँडनं १९९८ साली ‘द शेप ऑफ पंक टू कम’ काढली. नाव उसनं, काळा जाझवाला ऑर्नेट कोलमन, त्याच्या १९५९च्या तबकडीवरून. पण उसनं लपवलं नाही, कपाळावरच लिहिलं. पंकमध्ये जाझ, इलेक्ट्रॉनिक ठोका मिसळला. त्याच साली बँड मोडला. व्हर्जिनियातल्या तळघरातला शेवटचा कार्यक्रम पोलिसांनी बंद पाडला. तबकडी मात्र फिरत राहिली. २००७ला अमेरिकेच्या ‘पॅरामोर’नं ‘बॉर्न फॉर धिस’मध्ये तिच्यातली ओळ घेतली. रेडिओ कुणाच्या मालकीचा, हा त्या मूळ गाण्याचा सवाल. मला खटकतं ते इथंच. पुष्कळांनी किंकाळी उचलली, सवाल जाग्यावरच ठेवला. वारसा सांगायचा तर सवालासकट सांगा. नुसता आवाज गिरणीचा भोंगाबी काढतो.