रिकाम्या यादीचा प्रश्न

मागच्या वेळी आपण उसन्या अधिकाराबद्दल बोललो. आज उदाहरण घेऊ, जरा तांत्रिक आहे, पण घाबरायचं कारण नाही.

लिनक्सवर 'पीकेएक्झेक' नावाचा प्रोग्राम असतो. तो कुणीही चालवला तरी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, अधिकाराने चालतो. समोरच्याला परवानगी आहे का, हे त्यानेच तपासायचं. २०२२च्या जानेवारीत क्वालिसच्या संशोधकांनी त्यातली 'पॉनकिट' ही त्रुटी जाहीर केली.

प्रोग्रामला शब्दांची यादी मिळते. पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव, असा संकेत. पीकेएक्झेकने तो संकेत नियम समजून मोजणी थेट दुसऱ्या शब्दापासून केली. यादी रिकामीच दिली तर? तो यादीपलीकडे वाचतो, तिथे असतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. बरं, वाचून थांबत नाही, तिथे लिहितोही! सुरक्षेसाठी काढून टाकलेलं व्हेरिएबल असं मागच्या दाराने परत येतं आणि साध्या वापरकर्त्याचा कोड रूट म्हणून चालतो.

'रिकामी यादी कोण कशाला देईल?' हा बचाव आम्हाला पटत नाही. ज्याला घुसायचंय तो देईल. चूक २००९पासूनची, २०१३मध्ये एकाने ही शंका लिहूनही ठेवली होती.

उपाय म्हणजे पॅच. तो मिळेपर्यंत पीकेएक्झेकचा एसयूआयडी बिट काढायचा, म्हणजे उसना अधिकारच परत घ्यायचा. त्यावर अवलंबून असलेली कामं मात्र अडतात. पुढे ५.१८ कर्नलने रिकाम्या यादीत स्वतःच एक रिकामा शब्द घालायला सुरुवात केली. आम्हाला हा उपाय जास्त मोलाचा वाटतो, कारण तीच समजूत बाळगणारे इतर प्रोग्रामही त्याने सावरले.