चादरीवरचे कारंजे

कलावंताने आपल्या जुन्या कृतींकडे परतावे, ते कशासाठी? इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांचा ‘इंतरव्हिस्ता’ (१९८७) पाहताना आम्हांस हा प्रश्न पडला. तरुण पत्रकार म्हणून रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत टाकलेले पहिले पाऊल फेलिनी येथे पुन्हा उभे करतात. ट्रामच्या खिडकीतून चक्क हत्ती दिसतात! हा भाग मोहक खरा. परंतु त्यात आठवणीपेक्षा देखाव्याचा सोस अधिक.

चित्रपटाचे मर्म आहे ते आनिता एकबर्ग यांच्या घरच्या प्रसंगात. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी तेथे येतात, पांढऱ्या चादरीवर ‘ला दोल्चे व्हीता’मधील (१९६०) त्रेव्ही कारंज्याचे दृश्य उमटते आणि दोघेही आपलेच तारुण्य पाहू लागतात. त्या चित्रपटावर व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने कठोर टीका केली होती. २७ वर्षांनंतर फेलिनी त्याचे समर्थन करीत नाहीत, की विजयही मिरवीत नाहीत. उतारवयाच्या दोन चेहऱ्यांवर ते जुना प्रकाश तेवढा पडू देतात. एकबर्ग यांचे डोळे पाणावतात. गतकाळाला सामोरे जाण्याची ही नम्र रीत आम्हांस थोर वाटते. घरातला जुना अल्बम उघडताना ज्यांचा हात क्षणभर थबकतो, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.