पडद्यावर न आलेली पाने : हातिमताईपासून टोल्किनपर्यंत

अद्भुतकथा म्हणजे पोरासोरांची करमणूक, हा समज मराठी समीक्षेत फार जुना आहे. वास्तववादी कादंबरीला जो मान मिळाला तो परी, राक्षस, जादू आणि तिलिस्म यांच्या गोष्टींना कधीच मिळाला नाही. तरीही मराठी माणसाला वाचनाची गोडी लागली ती याच गोष्टींमुळे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. त्याच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने कित्येक पिढ्यांची झोप उडवली. हातिमताई आणि गुलबकावली यांना तर मराठी वाचकाने परके मानलेच नाही. मराठी गद्याच्या पायात अरबी-फारसी कथांचा एक चिरा आहे, ही गोष्ट मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना आपणही पुष्कळदा विसरतो.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके. एकाच्या गावाशी घोड नदी, दुसऱ्याच्या गावाशी भीमा. एक जुन्या इंग्रजी छावणीचे गाव, दुसरे रेल्वेच्या जंक्शनचे. इथल्या मुस्लिम घरांत बोलणे दखनी, शाळा मराठी आणि नमाज अरबी. अशा घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला हातिम तीन वाटांनी भेटला. घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून, वाचनालयातल्या पाने सुटलेल्या मराठी पुस्तकातून आणि जत्रेतल्या तंबूत लागणाऱ्या सिनेमातून. या तिन्ही वाटांचा हातिम एकच, असे आम्ही समजत आलो. आता वयाच्या या टप्प्यावर ती पुस्तके पुन्हा वाचली आणि ते सिनेमे पुन्हा पाहिले, तेव्हा ध्यानात येते की हे हातिम वेगवेगळे आहेत. त्यांच्यातला फरक नुसत्या रंगरंगोटीचा नाही, तो नीतीचा आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. हातिम हा इस्लामपूर्व अरबस्तानातल्या तय्य कबिल्याचा कवी आणि दानशूर. त्याचा मुलगा अदी पुढे पैगंबरांचा साथी झाला. या ऐतिहासिक माणसाभोवती फारसीत एक मोठी दास्तान रचली गेली. हैदरबख्श हैदरी यांनी १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी ती 'आराइश-ए-महफिल' या नावाने उर्दूत आणली आणि तिथून ती हिंदुस्थानभर पसरली. हुस्नबानू ही श्रीमंत, स्वतंत्र बाण्याची स्त्री. जो आपल्या सात सवालांची उत्तरे आणील त्याच्याशीच लग्न करीन, अशी तिची अट. मुनीर शामी हा शहजादा तिच्यावर जीव टाकतो. पण सवालांपुढे हरतो आणि रानोमाळ भटकतो. हातिम त्याला भेटतो आणि त्याच्यासाठी स्वतः सात सफरींवर निघतो. ज्या लग्नासाठी तो जीव धोक्यात घालतो ते लग्न त्याचे नाही, दुसऱ्याचे आहे! जगातल्या वीरकथांत असा नायक दुर्मीळ.

पहिल्याच सफरीत एक प्रसंग आहे. एक लांडगा दूध पाजणाऱ्या हरिणीच्या मागे लागला आहे. हातिम त्याला अडवतो. पण गोष्ट इथे संपत नाही. लांडगाही भुकेला आहे, त्यालाही देवाने पोट दिले आहे, हे हातिमला टाळता येत नाही. तो आपल्या मांडीचे मांस कापून लांडग्याला देतो. मराठी वाचकाला इथे शिबी राजा आठवल्यावाचून राहत नाही. घरातल्या म्हाताऱ्या हा प्रसंग सांगताना हळू बोलत, असे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवते. करुणा एकट्या हरिणीवर करणे सोपे आहे. लांडग्याचाही हिशेब ठेवणे अवघड. ही दास्तान त्या अवघड बाजूने उभी राहते.

आता पडदा. मुंबईच्या होमी वाडियांनी १९५६ मध्ये 'हातिमताई' काढला. जयराज आणि शकीला त्यात होते, संगीत एस. एन. त्रिपाठींचे. महंमद रफींनी गायलेली 'परवरदिगार-ए-आलम' ही त्यातली दुआ आजही कानावर पडली की माणूस थांबतो. या सिनेमाचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुस्तक वाचता न येणाऱ्या हजारो माणसांपर्यंत हातिम पोचला तो त्याच्यामुळे. पुढे १९९० मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी जितेंद्रला घेऊन तीच कथा पुन्हा केली. बाबूभाई हे आपल्याकडच्या चमत्कारदृश्यांचे उस्ताद. काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवण्याच्या कसबामुळे त्यांचे नावच 'काला धागा' पडले होते. हे कसब थोर होते, यात वाद नाही.

पण कथेचे काय झाले? पुस्तकात सात सवाल हुस्नबानूचे आहेत. ते एका विचारी स्त्रीने पुरुषांपुढे ठेवलेले सवाल आहेत. पडद्यावर मध्यभागी येते ती शापाने दगड झालेली परी. सवाल सोडवायचे ते तिला सोडवण्यासाठी. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई मागे सरली आणि सुटकेची वाट पाहणारी पुढे आली. सफर ही शहाणपण मिळवण्याची होती, ती कुलूप उघडण्याची झाली. २००३-०४ मध्ये स्टार प्लसवर 'हातिम' ही मालिका लागली, तिने आणखी एक पाऊल टाकले. तिने हातिमला एक कायमचा शत्रू दिला आणि त्या जादूगाराचे नाव ठेवले दज्जाल. कयामतीच्या आधी येणारा महाफसव्या म्हणून जे नाव आपल्या घरांत दबक्या आवाजात घेतले जाते, ते पडद्यावर काळ्या कपड्यांतल्या खलनायकाला चिकटवले गेले. मूळ दास्तानीत असा एक खलनायकच नाही. तिथे हातिमला भेटणारे राक्षस, अस्वले, साप हे पुष्कळदा त्याचे यजमान होतात. अस्वलांचा राजा तर आपली मुलगीच त्याला देतो! पण सिनेमाला आणि मालिकेला शत्रू लागतो. शत्रू नसला तर तिसरा अंक कशाचा करायचा?

अलीबाबाच्या कथेचेही तेच. कथेत अलीबाबा हा गरीब, बायको असलेला, जरा भोळा लाकूडतोड्या. खरी सूत्रे मर्जीनाच्या हातात. कासीमचे तुकडे झालेले प्रेत शिवून घेण्याचा बंदोबस्त ती करते. दारावरची खूण ओळखून शेजारच्या दारांवरही तशाच खुणा ती करते. बुधल्यांत लपलेल्या चोरांवर उकळते तेल ती ओतते. शेवटी नाचता नाचता सरदाराच्या छातीत खंजीर खुपसते तीही तीच. एका गुलाम मुलीच्या अकलेची ही कथा आहे. १९५४ मध्ये होमी वाडियांनी महिपाल आणि शकीला यांना घेऊन आणि १९८० मध्ये भारत-सोव्हिएत सहकार्याने धर्मेंद्र आणि हेमा मालिनी यांना घेऊन हे सिनेमे झाले. दोन्हींत अलीबाबा तरुण नायक झाला आणि मर्जीना त्याची नायिका. पोस्टरवर तलवार कोणाच्या हातात द्यायची हे ठरले, की कथा कोणाची हेही ठरून जाते.

इथे मराठीतल्या एका मोठ्या कामाची आठवण करणे भाग आहे. गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या अरेबियन नाइट्सचा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. कृष्णशास्त्रींचे भाषांतर सोज्ज्वळ इंग्रजीवरून आलेले. गौरीबाईंनी काही झाकले नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर मराठी समाज शंभर वर्षांत कुठून कुठे आला हे कळते. पण दोन्हींत एक गोष्ट कायम आहे. शहरजाद बोलत राहते आणि तिच्या बोलण्याने एक क्रूर राजा हळूहळू माणूस होतो. राजाला मारून प्रश्न सुटत नाही, त्याला ऐकायला लावून सुटतो.

परदेशी पडद्याने काय केले तेही पाहू. अल्लादीनची कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. हन्ना दियाब नावाच्या हलबच्या ख्रिस्ती तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसला ती गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली. त्या कथेतला अल्लादीन चीनचा आहे. डिस्नेने १९९२ मध्ये त्याला वाळवंटात आणला आणि सुरुवातीच्याच गाण्यात त्या मुलखात चेहरा आवडला नाही तर कान कापतात, असे सांगितले. अरब-अमेरिकनांच्या संघटनेने हरकत घेतल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली. मुलखाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला. तो निघायला २०१९ चा नवा सिनेमा यावा लागला. मुलांची करमणूक म्हणून आपण ज्याकडे काणाडोळा करतो, त्यातूनच पुढे दाढी आणि पगडी पाहून भुवया उंचावतात.

याच नजरेने टोल्किनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९५४-५५ मध्ये आलेली ही कादंबरी मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादामुळे मराठीतही वाचता येते. पीटर जॅक्सनचे २००१, २००२ आणि २००३ चे तीन सिनेमे बहुतेकांनी आधी पाहिले आणि पुस्तक नंतर हाती घेतले. शिरूर-दौंडकडच्या कॉलेजातली मुलेही याला अपवाद नाहीत. सिनेमे भव्य आहेत. तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले. मोरियाच्या खाणी, एंट झाडांचा संताप, गोलमची दुभंगलेली तगमग हे पडद्याने पुस्तकाच्या तोडीस तोड उभे केले आहे. गोलमच्या बाबतीत तर पडदा पुस्तकाच्या आत्म्याशी इमान राखतो.

अडचण दक्षिणेकडच्या माणसांची. टोल्किनच्या जगात हराद नावाचा उन्हाचा मुलूख आहे. तिथली सावळी माणसे हत्तींवर बसून शत्रूच्या बाजूने लढायला येतात. मुस्लिम वाचकाला, खरे तर कोणत्याही आशियाई वाचकाला, ते वाचताना टोचते आणि टोचले पाहिजे. पण पुस्तकात एक जागा आहे. त्यातला एक सैनिक सॅमच्या पुढ्यात मरून पडतो. सॅम हा साधा माळी. त्याच्या मनात येते, या माणसाचे नाव काय असेल, तो आला कुठून, तो खरेच मनाने वाईट होता की खोट्या थापांनी आणि धाकाने त्याला घराबाहेर काढले? परिच्छेदभराची ही शंका आहे. पण सोम नदीवरची १९१६ ची लढाई स्वतः पाहिलेल्या लेखकाने ती लिहिली आहे. हातिमला लांडग्याची भूक दिसली, सॅमला शत्रूचे घर दिसले. दोघेही एकाच पंगतीतले.

चित्रपटगृहात दाखवलेल्या सिनेमात ही शंका नाही. नंतरच्या वाढीव आवृत्तीत ती आली. पण सॅमच्या मनातून काढून फारामिर या सरदाराच्या तोंडी घातली. सरदाराने शत्रूबद्दल उदारपणे बोलणे वेगळे आणि कधी गाव न सोडलेल्या माळ्याला ते आपसूक वाटणे वेगळे. शिवाय पडद्यावरच्या हरादवाल्यांचे चेहरे कापडाने गुंडाळलेले आहेत. पुस्तक ज्या माणसाचे नाव विचारते, त्याचा चेहराच सिनेमा झाकतो.

आमच्या भागात याच्या उलट जाणारी एक जुनी गोष्ट आहे. कर्नल वॉलेस हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला. इथल्या लोकांनी त्याच्या थडग्याला सत्पुरुषाचे स्थान मानले. परधर्माचा, परमुलखाचा आणि राज्यकर्त्यांच्या फौजेतला माणूस. पण लोकांच्या कल्पनेने त्याला चेहरा दिला, वर मानही दिला. दर्ग्यावर सर्व जातींनी डोके टेकण्याची जी रीत या मुलखात आहे, तिच्याच पोटातली ही गोष्ट. अद्भुताची खरी ताकद हीच असते.

दुसरे गाळलेले पान याहून मोठे आहे. पुस्तकात युद्ध जिंकून चार हॉबिट घरी परततात, तेव्हा त्यांचा गाव ओळखू येत नाही. झाडे तोडलेली, जुन्या चक्कीच्या जागी मोठी चक्की, तिच्या घाणीने नासलेले पाणी, गावातलेच काही लोक गुंडांच्या चाकरीत. गाव सोडवण्यासाठी त्यांना पुन्हा उभे राहावे लागते आणि फ्रोडो बजावत राहतो की आपल्या माणसांचे रक्त सांडू नका. मग सॅम झाडे लावत फिरतो. जॅक्सनच्या सिनेमात हे प्रकरण नाही. पहिल्या भागात आरशातल्या एका भासापुरते ते चमकते आणि विझते. सिनेमातला गाव जसा सोडला तसाच हिरवागार भेटतो.

पडद्याच्या हिशेबाने ही काटछाट योग्यच असेल. मोठ्या लढाईनंतर छोटी लढाई प्रेक्षकाला पेलत नाही. पण भीमेच्या पात्रातला वाळूउपसा पाहणाऱ्या, कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे गावांचा तोंडवळा बदलताना पाहणाऱ्या वाचकाला हेच प्रकरण सर्वांत जवळचे वाटते. आपले कथानक राजा सिंहासनावर बसल्याने संपत नाही. ते घरी आल्यावर सुरू होते. टोल्किनने हे प्रकरण कुठल्या रूपकासाठी लिहिले नाही, रूपकाचा त्याला तिटकाराच होता. तरीही ते दौंडच्या वाचकाला आपले वाटते, यातच त्या लेखनाची ताकद आहे.

पुस्तक चांगले आणि सिनेमा वाईट, असा निकाल द्यायला आम्ही बसलेलो नाही. रफींची दुआ पुस्तकात नाही आणि गोलमचे डोळेही पुस्तकात तसे दिसत नाहीत. पण तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट गळते, याला योगायोग म्हणता येणार नाही. लांडग्याची भूक, मर्जीनाची अक्कल, शत्रूबद्दलची शंका, परतल्यावरचे काम हे सारे गोष्टीला सावकाश करणारे भाग आहेत. पडद्याला वेग हवा असतो आणि वेगाला शत्रू हवा असतो. ज्या समाजाला आज पदोपदी कोणाचा तरी शत्रू म्हणून उभे केले जाते, त्याला ही काटछाट परवडणारी नाही. आपल्या मुलांनी सिनेमे जरूर पाहावेत. मात्र त्यांच्या हाती ती पुस्तके देण्याचे आणि हातिमने मांडी का कापली ते हळू आवाजात सांगण्याचे काम पडदा करणार नाही. ते घरातच व्हायला हवे.