‘चॅरिटी’ : प्रीतीपासून धर्मादायापर्यंत

काही शब्द वापरून झिजतात, तर काहींचा अर्थच बिऱ्हाड बदलतो. इंग्रजीतील ‘चॅरिटी’ हा दुसऱ्या प्रकारचा शब्द होय.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात संत पौलाने ‘अगापे’ हा ग्रीक शब्द योजला. लॅटिन बायबलात त्याचे ‘कारितास’ झाले आणि फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत ‘चॅरिटी’ आले. 1526 साली विल्यम टिंडलने त्याजागी ‘लव्ह’ घातले, तेव्हा संत थॉमस मोर यांनी 1529 मध्ये हरकत घेतली. प्रत्येक प्रेम सत्प्रेम नसते. ‘चॅरिटी’ मात्र सत्प्रेमच, हा त्यांचा मुद्दा. त्या काळापुरता तो आम्हांस बिनतोड वाटतो.

परंतु शब्द कोणाचे ऐकत नाहीत. 1601 च्या इंग्लिश कायद्याने गरिबांचे साह्य, शाळा, पूल व रस्ते यांसाठी दिलेली देणगी ‘चॅरिटी’च्या कक्षेत आणली. हळूहळू हृदय मागे पडले, थैली पुढे आली. 1611 च्या इंग्रजी बायबलातही ‘चॅरिटी’च होते. सर्वस्व गरिबांना वाटूनही ‘चॅरिटी’ नसेल तर सारे व्यर्थ, हे पौलाचे म्हणणे पुढच्या वाचकाला कोडे वाटू लागले. वाटणे हीच तर ‘चॅरिटी’! 1881 च्या सुधारित आवृत्तीने अखेर ‘लव्ह’ स्वीकारले. मोर यांचा भेद खरा होता; टिकला मात्र टिंडलचा शब्द.

आज स्वाभिमानी इंग्रज गरीब ‘मला चॅरिटी नको’ म्हणतो, तेव्हा तो प्रीती नव्हे, उपकार नाकारतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या दोन परिपत्रकांच्या शीर्षकांत ‘कारितास’ हाच शब्द आहे. इंग्रजीत 2005 साली त्याचे ‘लव्ह’ झाले, 2009 साली ‘चॅरिटी’.

म्हणून मराठी भाषांतरकाराने संदर्भ पाहावा. ‘चॅरिटी कमिशनर’ला ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणणे चोख आहे. ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ला तोच शब्द लावणे हा मदर तेरेसांवर अन्याय ठरेल. आपल्या बायबलातील ‘प्रीती’ने हा घोटाळा टाळला, हे आपले भाग्य. तथापि नाताळात एकाकी वृद्धेच्या दारी पुडके ठेवून आपण उंबऱ्यावरूनच परततो, तेव्हा कोणत्या अर्थाची ‘चॅरिटी’ करतो? याचे उत्तर शब्दकोशात नाही. ते त्या वृद्धेला ठाऊक असते.